अर्थिंगचा मारुती

ड्रमयार्डाच्या फाटकाशी आला की तो आधी पायातले सेफ्टी शूज काढायचा. आणि हा आमच्या कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर! बुटांशिवाय आत पाऊल टाकायला बंदी असल्याची पाटी त्यानेच रंगवून लावली होती. त्याच पाटीखाली तो आपले बूट जोडीने ठेवायचा, मोजे बुटांत कोंबायचा, फाटकाच्या पट्टीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि अनवाणी आत शिरायचा. कोणी विचारलं की म्हणायचा, "त्याले इज्जत द्या, बापा. इज्जत दिली का तो काही नाई करत."

हा 'तो' म्हणजे कोणी देव नव्हे. ब्युटिराल्डिहाइड नावाचं एक रसायन. कारखान्यात सगळे त्याला नुसतं 'अल्डी' म्हणत. आणि या माणसाला सगळे 'सेफ्टीभाऊ' म्हणत. तोंडावर मीही तेच म्हणायचो. पाठीमागे काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही.

सौंसरजवळ संत्र्याच्या बागा संपतात आणि पत्र्याच्या शेड सुरू होतात तिथे आमचा कारखाना. मी पांढुर्ण्याचा. वडील शिक्षक, नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, आणि रोज बसने सौंसरला येऊन लॅब सांभाळायची अशी माझी नोकरी. आपण या खेडवळ लोकांत चुकून येऊन पडलो आहोत अशी माझी पक्की समजूत होती. असा एखादा शिकलेला शहाणा तुम्हीही पाहिला असेल. त्याला हसायला रोज कोणीतरी लागतं. मला सेफ्टीभाऊ पुरायचा.

अल्डीविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हा पाण्यासारखा स्वच्छ द्रव. वास मात्र असा उग्र की नाकातून सरळ टाळूत शिरतो. हवा लागली की तो हळूहळू आम्लात बदलतो आणि मग खवट लोण्यासारखी घाण सुटते. म्हणून टाकीत त्याच्या डोक्यावर सतत नायट्रोजन भरून ठेवायचा, हवेला आत येऊच द्यायचं नाही. कॉस्टिक सोडा त्याच्या जवळ न्यायचा नाही, नाहीतर स्वतःच तापायला लागतो. पण सगळ्यात मोठी खोड म्हणजे पेट घेणं. पाणी गोठेल इतक्या थंडीतही त्याची वाफ पेटते, तिला फक्त ठिणगी पाहिजे. आणि ही वाफ हवेहून जड. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते, नालीत उतरते. लांब कुठे कोणी बिडी पेटवली तर तिथे पेटते आणि आग घेऊन परत ड्रमपाशी येते.

एवढा त्रासाचा माल ठेवायचा कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण त्याच्यावाचून अडतं. प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रव्यांत तो लागतो, रबराच्या कामात लागतो, सुगंधी द्रव्यांच्या धंद्यातही थोडा खपतो. आम्ही त्याच्यापासून एक राळ बनवायचो. मोटारीच्या समोरच्या काचेत दोन काचांच्या मधे एक पारदर्शक थर असतो. अपघातात काच फुटली तरी तुकडे त्याला चिकटून राहतात, माणसाच्या तोंडावर येत नाहीत. त्या थराची ती राळ. टँकरने अल्डी यायचा, टाकीत जायचा, बराचसा आम्ही वापरायचो आणि उरलेला लहान गिऱ्हाइकांसाठी ड्रममध्ये भरून पाठवायचो.

भरण्याचं काम मधुकर करायचा. मोहगावचा माणूस, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याच्या हाताला अशी सवय होती की काट्याकडे न पाहता ड्रम बरोबर खुणेपाशी थांबवायचा.

सेफ्टीभाऊ मुळात गेटवरचा चौकीदार. कारखान्याची जमीन घेतली तेव्हा शेठनी, म्हणजे मालकांनी, ज्या घरांना नोकरीचा शब्द दिला होता त्यांतलं एक घर याचं. पुढे एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या माणसांनी येऊन विचारलं, तुमच्याकडे सेफ्टी कोण पाहतं? शेठनी आजूबाजूला नजर टाकली. समोर हा उभा होता, वर्दी इस्त्रीची, बूट चकाचक. "हे पाहतात," शेठ म्हणाले. नागपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, छातीवर हिरवा बिल्ला आला, आणि आमचा चौकीदार ऑफिसर झाला. दहावी पास. ओम आणि व्होल्ट यांतला फरक विचारला असता तर त्याने दोघांचं गाव विचारलं असतं.

पण उत्साह? उत्साहाला तोटा नाही! आग विझवायचे सिलिंडर धुळीने खराब होतात म्हणून त्याने बायकोकडून त्यांना लाल कापडाची झबली शिवून घेतली. गळ्याशी नाडी, नाडीला गाठ. कारखान्यातले सगळे सिलिंडर बारशाला निघाल्यासारखे नटून भिंतीला टेकून उभे. वाळूच्या बादल्यांतली वाळू तो चाळून भरायचा. अल्डीच्या सुरक्षेचा इंग्रजी कागद त्याने काचेच्या फ्रेममध्ये बसवला होता आणि त्याला दर मंगळवारी हार घालायचा. हाराची फुलं सुकली की नेमकी 'आग लागल्यास' या परिच्छेदावर यायची.

महिन्यातून एकदा तो सगळ्यांना गोळा करून वर्ग घ्यायचा. मी मागे उभा राहून मजा पाहायचो.

"डोळ्यात उडाला तं काय कराचं? पंधरा मिनिटं पाण्यानं धुवाचं. चोळाचं नाई. अन् मंग बजरंगबलीचं नाव घ्याचं."

मधुकरने एकदा गंभीरपणे विचारलं, "भाऊ, नाव आधी घेतलं तं नाई चालत?"

"आधी पाणी," सेफ्टीभाऊ बोट वर करून म्हणाला. "नियम म्हणजे नियम. देव कुठी पळून नाई चालला."

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने. लॅबमध्ये परतून चहाच्या वेळी मी त्याची नक्कल करून दाखवली, बोट, बिल्ला, 'बापा' सगळ्यासकट. मला नक्कल चांगली जमते. लॅबमधली माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची आणि मला वाटायचं, दिवस सार्थकी लागला.

त्याची आणखी एक तऱ्हा होती. सकाळी तो यार्डात नालीच्या काठाने ओणवा होऊन, नाक जमिनीला लावून फिरायचा. रसायनाचा असा वास घेणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. त्यासाठी यंत्र होतं, फक्त ते बिघडलं होतं आणि दुरुस्तीला पाठवायची आठवण कोणालाच नव्हती. एका सकाळी असाच फिरता फिरता तो ओरडला, "पाइपाच्या जोडापाशी पाझरून राहिलं, जी!" पाहिलं तर खरंच एक गॅस्केट गेलं होतं. त्याच दिवशी बदललं. मी लॅबमध्ये सांगितलं की आमच्या कारखान्याने श्वानपथक ठेवलं आहे. योगायोग असतात हो, अशा माणसाच्या नाकालाही कधीतरी खरं सापडतं.

आता अर्थिंग. पाइपातून द्रव वाहिला की वीज साठते. हिवाळ्यात स्वेटर काढताना अंगावर चटचट होतं ना, तीच. ड्रम लाकडी फळ्यांवर ठेवलेला, म्हणजे त्या विजेला कुठे जायला वाट नाही. मग ती ड्रमवर बसून राहते आणि जवळ काही धातू आला की उडी मारते. ती उडी म्हणजेच ठिणगी. म्हणून ड्रम भरण्याआधी दाते असलेला एक चिमटा त्याच्या काठाला लावतात. चिमट्याची तार भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीला, पट्टी खाली जमिनीत. वीज गुपचूप मातीत जाते. मात्र चिमट्याचे दाते ड्रमच्या उघड्या लोखंडात रुतले पाहिजेत, आणि तार पट्टीला नागडी टेकली पाहिजे. मधे कागद नको, गंज नको, काहीच नको.

सेफ्टीभाऊच्या लेखी अर्थिंग म्हणजे मारुती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशीनची पूजा होते. दरवर्षी तो शेंदूर तेलात कालवून यार्डातल्या चारही चिमट्यांना बोट बोट लावायचा. चार दिवसांत कामाने पुसून जायचा. त्या वर्षी मात्र त्याने सौंसरच्या बाजारातून शेंदरी ऑइलपेंटचा डबा आणला. मी चहाचा कप घेऊन यार्डाकडे गेलो तेव्हा साहेब अनवाणी पालथी मांडी घालून बसलेले. चारही चिमटे वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले. दात्यांच्या फटीफटीतून ब्रश फिरत होता. भिंतीवरच्या पट्टीचे नटही त्याने खोलले होते, पट्टी रंगवली होती, तारेची टोकं दोन्ही बाजूंनी रंगवली होती. काम इतकं नीटनेटकं की बघत राहावं.

"हे काय चाललंय, भाऊ?"

"शेंदूर टिकत नाई, सर. पेंट टिकते. दोन हात देऊन राहिलो."

"पण चिमट्याला कशाला?"

"हा मारुती हाय, जी. बिजली गिळून घेते. आपला जामसांवलीचा मारुती कसा झोपलेला हाय? तसाच हा बी. वरून काही दिसत नाई, जमिनीत झोपला हाय." आणि मग ब्रश थांबवून, "तुमाले कसं वाटून राहिलं?"

मी हसलो. चांगला मनमोकळा हसलो. कप जवळच्या ड्रमवर ठेवला आणि मोबाइलवर फोटो काढला. त्याने ब्रश हातात धरून छाती पुढे काढली, बिल्ला सरळ केला. "मले बी पाठवा जी," म्हणाला. मी फोटो लॅबच्या ग्रुपवर टाकला, सोबत हसऱ्या तोंडांची रांग. त्याला पाठवला नाही.

रंगातून वीज जात नाही हे मला त्या क्षणी माहीत होतं का? होतं. रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला हे न कळायला काय झालं? हसण्याचं कारणच ते होतं. सेफ्टी ऑफिसर स्वतःच्या हाताने सेफ्टी बंद करतोय आणि वर त्याला देव म्हणतोय, यापेक्षा मोठा विनोद त्या वर्षी मी पाहिला नव्हता. सांगायचं असं मनात आलं नाही असंही नाही. आलं. पण पाहू, दर सोमवारी हा अर्थिंगची तपासणी करतो, तेव्हा मीटर लावेल आणि तोंडावर पडेल, मग आणखी मजा येईल, असा विचार करून मी चहा संपवला. तो सोमवारी मीटर लावत नाही हे मला ठाऊक नव्हतं. तो फक्त चिमट्याला नमस्कार करायचा आणि रजिस्टरमध्ये 'अर्थिंग ओके' लिहायचा.

दसऱ्यानंतर पाऊस रेंगाळला, हवा दमट होती, आणि काही झालं नाही. मग दिवाळी गेली, थंडी पडली, कापसाच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या, हवा कोरडी ठणठणीत झाली. भरण्याचा जुना पंप जाऊन नवा आला. तो दुप्पट वेगाने माल ढकलायचा.

अशाच एका दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. मी नमुना घ्यायला बाटली घेऊन यार्डात गेलो होतो. मधुकरने ड्रम भरला, पंप बंद केला, भरायची नळी वर उचलली. चट् असा आवाज झाला. फार लहान आवाज, काडी मोडावी तसा. आणि ड्रमच्या तोंडावर एक निळसर ज्वाळा उभी राहिली. उन्हात ती नीट दिसतही नव्हती, फक्त पलीकडची भिंत थरथरताना दिसली. मधुकरच्या दोन्ही हातांवर ती चढली. तो ओरडला नाही. त्याने पेटलेल्या हातांनी आधी टाकीकडचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. मग हात छातीशी धरून मागे सरकला आणि खाली बसला.

सेफ्टीभाऊ कुठून आला कळलं नाही. त्याने सिलिंडर उचलला, झबल्याची नाडी ओढली, तिला गाठ बसली. त्याने गाठ दातांनी तोडली. पांढऱ्या भुकटीचा लोट ड्रमच्या तोंडावर सोडला, दुसरा सिलिंडर आणला, त्याचीही नाडी दातांनी तोडली. आग विझली. मग तो मधुकरला उचलून नळाखाली घेऊन गेला आणि हातांवर पाणी सोडून उभा राहिला. "चोळू नको, बापा. हलू नको. पाणी पडू दे," एवढंच म्हणत होता.

मी फोन करायला ऑफिसकडे धावलो. फोन माझ्या खिशातच होता.

मधुकरला गाडीत घालून नागपूरला नेलं. वाचेल, हातही राहतील, पण बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी शेठचा फोन आला. उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार, त्याआधी रिपोर्ट तयार पाहिजे, आणि रिपोर्टमध्ये कारखान्याचा दोष दिसता कामा नये. सेफ्टीभाऊने रिपोर्ट लिहिला. सुवाच्य अक्षरात, समास सोडून: कामगाराने नियम मोडून सिंथेटिक स्वेटर घातला होता, त्यामुळे ठिणगी उडाली. मधुकरने स्वेटर घातला होता हे खरंच होतं. थंडी होती, मोहगावहून सायकलने यायचा. पण असा कागद गेला की मधुकर दोषी ठरणार, आणि दोषी ठरलेल्या, बोटं न वळणाऱ्या माणसाला शेठ दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मला इतका संताप आला! लाचार, हुजऱ्या, शेठचा शब्द म्हणजे याचा वेद. ज्या माणसाला याने आपल्या अडाणीपणाने भाजलं, त्यालाच हा आता घरी बसवायला निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमधला मल्टिमीटर घेतला आणि त्याला यार्डात बोलावलं. बूट काढू दिले नाहीत. "घाला ते," म्हणालो, "पुरे झाली नाटकं." तो मुकाट्याने आत आला.

मी मीटरचं एक टोक चिमट्याच्या दात्यावर धरलं, दुसरं पट्टीवर.

"पाहा. आकडा येतो का?"

"नाई येत."

"का नाही येत?"

तो मीटरकडे पाहत राहिला. मी खिशातून चाकू काढला, दात्यावरचा रंग खरवडला, पट्टीवरचा खरवडला, तारेचं टोक घासलं, नट आवळला, पुन्हा टोकं लावली. मीटर पिकपिक वाजू लागला.

"रंगानं?" तो म्हणाला.

"रंगाने. तुमच्या दोन हातांनी. स्वेटर गेला खड्ड्यात. हा चिमटा नागडा असता तर मधुकरने शाल पांघरून ड्रम भरला असता तरी काही झालं नसतं."

तो खाली बसला. ड्रमला टेकून, बुटांसकट. बराच वेळ चिमटा हातात घेऊन दाते बोटाने चाचपत राहिला. मी वाट पाहत होतो, आता हा रडेल, गयावया करेल, शेठला सांगू नका म्हणेल. उत्तरं मी तयार ठेवली होती, एकाहून एक झोंबणारी.

"सर," तो म्हणाला, "तुमाले मालूम होतं?"

"कोणालाही मालूम असतं. शाळेतल्या पोरांना असतं."

"तसं नाई. दसऱ्याले म्हणतो मी. मी रंग देऊन राहिलो होतो, तुम्ही इथंच उभे होते. हासले. फोटो बी काढला." तो आठवून आठवून बोलत होता, जणू हिशेब माझा नाही, त्याचाच चुकला होता. "मले वाटलं, चांगलं दिसून राहिलं म्हणून हासले."

मी मीटरच्या तारा गुंडाळायला लागलो.

"तवा सांगतलं असतं तं मी तवाच घासून टाकला असता ना, बापा," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला. रागाने म्हणाला असता तर मी बरोबरीने ओरडलो असतो. "मले काय कळते? मी चौकीदार माणूस. तुमी शिकलेले लोक आजूबाजूले हाय, म्हणून त मी करून राहिलो होतो."

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो. त्याने शेठला न विचारता पहिला रिपोर्ट फाडला आणि नवा लिहिला. रंग मी दिला, चिमटे माझ्या ताब्यात होते, मीटर मी लावला नाही, कामगाराची चूक नाही. व्हॉल्व्ह बंद केला म्हणून टाकी वाचली. शेठ फोनवर इतके ओरडले की ते बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू आलं. महिना भरायच्या आत सेफ्टीभाऊची नोकरी गेली. मधुकर चार महिन्यांनी परत आला. आता तो स्टोअरमध्ये असतो. पेन धरता येतं, नट फिरवता येत नाही. नवा सेफ्टी ऑफिसर पदवीधर आहे, इंदूरकडचा, बूट कधीच काढत नाही, दर सोमवारी मीटर लावतो. चिमट्यांचे दाते ब्रशने घासलेले असतात. यार्डात एकही हसण्यासारखी गोष्ट उरलेली नाही. दसऱ्याचा तो फोटो मी फोनमधून काढून टाकला, आणि ग्रुपवरच्या बाकीच्यांनाही काढायला सांगितला. कोणी का म्हणून विचारलं नाही.

सेफ्टीभाऊ नंतर कधी दिसला नाही. सौंसरच्या बाजारात कधी लांबून तसा सरळ पाठीचा माणूस दिसला की मी गल्ली बदलतो.

मला त्याचा अजूनही राग येतो. तो अडाणी होताच. ज्या कामातलं काही कळत नाही ते काम त्याने बिल्ला लावून मिरवत केलं, आणि एका माणसाची बोटं कामातून गेली. हे मी कोणासाठीही मागे घेणार नाही.

पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती मी मुद्दाम मागे ठेवली.

नवा रिपोर्ट त्याने माझ्या टेबलाशी बसून लिहिला. 'विद्युतरोधक' कसं लिहायचं ते मला विचारलं, मी सांगितलं. सगळ्यात शेवटी त्याने जरा थांबून एक ओळ स्वतःच्या मनाने लिहिली: 'रंगामुळे असे होते याची कारखान्यात कोणालाही कल्पना नव्हती.' मग कागद माझ्याकडे फिरवला. साक्षीदार म्हणून एक सही लागत होती.

"ही ओळ..." मी म्हणालो.

"राहू द्या, सर. एकाची नोकरी गेली तेवढी पुरे. सही करा, इन्स्पेक्टरची गाडी येऊन राहिली."

मी सही केली.

इन्स्पेक्टर वयस्कर होते, शांत. त्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही लॅबचे ना? केमिस्ट?"

"हो, सर."

"आणि रंग दिल्यावर अर्थिंग चालत नाही, हे तुम्हालाही माहीत नव्हतं?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. सेफ्टीभाऊ माझ्या बाजूला हात बांधून उभा होता. खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"नाही, सर," मी म्हणालो.

इन्स्पेक्टर नुसते माझ्याकडे पाहत राहिले. ते पाहणं सेफ्टीभाऊला बघवलं नाही. तो एक पाऊल पुढे आला आणि घाईघाईने म्हणाला, "त्यायले कुठून मालूम असन, जी? ते तं लॅबमंधी राहतात."